मंडळींतील भगिनीसभा : त्यांचें कार्य व त्यांचा अधिकार

कोणत्याहि संस्थेचा वार्षिक वृत्तांत उघडून पाहिला असतां त्यांत अध्यक्षांचीं भाषणें, चिटणिसांचे ठराव व खजिनदारांचे आंकडे हीं ठळकपणें छापलेलीं आढळतात. परंतु ज्या हातांनीं सभेच्या सतरंज्या अंथरल्या, आजाऱ्याच्या घरीं पेज पोंचविली आणि घरखर्चांतून थोडें थोडें वांचवून देणगीचा आंकडा भरून काढला, त्या हातांचा उल्लेख बहुधा शेवटच्या ओळींत "भगिनीवर्गाचेंहि साह्य झालें" एवढ्यावरच आटोपतो. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून ज्या भगिनीसभा, मातृसंघ किंवा महिला मंडळें चालतात, त्यांचें भाग्य कांहींसें असेंच आहे. त्यांच्यावांचून मंडळीचें एकहि कार्य तडीस जात नाहीं. आणि तरीहि त्यांच्याविषयीं गंभीरपणें विचार करावा असें फारसें कोणास वाटत नाहीं.

ह्या अनास्थेच्या मुळाशीं दोन मतें आहेत. त्यांपैकीं एक जुनें आहे. बायकांची सभा म्हणजे दोन गीतें, एक प्रार्थना, चहा-चिवडा व मनसोक्त गप्पा, असें तें मत होय. दुसरें मत नवें असून वरवर पाहतां फार उदार दिसतें. तें असें कीं, आतां मुली मुलांच्या बरोबरीनें शिकतात, कचेऱ्यांतून अधिकाराच्या जागा भूषवितात. तेव्हां स्त्रियांसाठीं निराळी सभा ठेवणें म्हणजे त्यांस निराळ्या पंगतीला बसविणेंच होय. ती मोडावी आणि सर्व कार्य एकत्र करावें. आमच्या मतें हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. आणि त्यांतल्या त्यांत दुसरें अधिक धोक्याचें आहे, कारण तें सन्मानाच्या वेषानें येतें. असें आम्ही कां म्हणतों, हें सांगण्यासाठीं प्रथम थोडें मागें जाणें अवश्य आहे.

फार मागें जावयाचें तर पवित्र शास्त्रापर्यंत जातां येईल. यापो येथील टबीथा विधवांसाठीं अंगरखे व वस्त्रें शिवीत असे; ती मरण पावली तेव्हां तीं वस्त्रें दाखवीत त्या विधवा रडत उभ्या राहिल्या, असें प्रेषितांच्या कृत्यांत वर्णिलें आहे. जांभळीं वस्त्रें विकणाऱ्या लुदियेनें फिलिप्पै येथें आपलें घर पौल व त्याचे सोबती यांस मोकळें करून दिलें. किंख्रिया येथील फीबी ही तर त्या मंडळीची सेविकाच होती. शिवणकाम, आदरातिथ्य आणि मंडळीची सेवा, हीं आजच्या भगिनीसभांचीं तिन्ही कामें येथें पाहावयास मिळतात.

आपल्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर ह्या कथेचा आरंभ १८२७ सालीं होतो. त्या वर्षाच्या अखेरीस मिस सिंथिया फरार ही बाई अमेरिकेहून मुंबईस येऊन उतरली. अमेरिकन बोर्डानें परदेशीं पाठविलेल्या अगदीं पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकीं ती एक होय. मुलींच्या शाळांची देखरेख करणें हें तिचें काम होतें; आणि प्रथम मुंबईस व पुढें अहमदनगरास तें काम तिनें १८६२ सालीं मरण येईपर्यंत केलें. अहमदनगर येथील तिच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनावर मोठा परिणाम झाला, व १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. एका बाईनें शांतपणें चालविलेल्या कामांतून पुढें केवढा वृक्ष वाढूं शकतो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें सुचत नाहीं.

परंतु मिस फरार हिच्यामागें पुरुषांचें बोर्ड होतें. स्त्रियांची अशी संघटना नव्हती. १८३४ च्या सुमारास चीनकडून परतलेल्या डेव्हिड ॲबील नांवाच्या मिशनऱ्यानें इंग्लंड व अमेरिका येथील स्त्रियांस कळकळीची विनंति केली. पूर्वेकडील घरांच्या माजघरांत परक्या पुरुषास प्रवेश नाहीं, म्हणून तेथें विद्या व शुभवर्तमान न्यावयाचें तर तें स्त्रियांनींच नेलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें होतें. लंडनमध्यें लगेच तशी एक संस्था निघाली. न्यूयॉर्कमध्यें सारा डोरेमस ह्या बाई व त्यांच्या मैत्रिणीहि तयार झाल्या होत्या. परंतु बोर्डाच्या चालकांनीं, अद्याप वेळ आली नाहीं, असें सांगितल्यावरून त्यांस थांबावें लागलें. हें थांबणें थोडेंथोडकें नव्हे, पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललें! अखेर १८६१ सालीं डोरेमसबाईंच्या पुढाकारानें अमेरिकेंतील निरनिराळ्या पंथांच्या स्त्रियांनीं आपली स्वतंत्र मिशनरी संस्था स्थापन केली. आमच्या विद्यार्थिनींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. परवानगीची वाट पाहण्यांत अर्धें आयुष्य गेलें तरी त्या बाईचा उत्साह मावळला नाहीं.

त्यानंतर आठ वर्षांनीं, १८६९ च्या मार्च महिन्यांत, बोस्टन शहरीं मेथॉडिस्ट मंडळीच्या स्त्रियांची सभा बोलाविण्यांत आली. हिंदुस्थानांत राहून आलेल्या दोन मिशनरी बायांनीं तिची खटपट केली होती. त्या दिवशीं वादळी हवेमुळें हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्याच बाया आल्या. पुरुषांची सभा असती तर कोरम नाहीं म्हणून ती तहकूब झाली असती! ह्या बायांनीं मात्र त्याच दिवशीं संस्था काढण्याचें ठरविलें. वर्गणी काय, तर आठवड्याला दोन सेंट आणि त्याबरोबर एक प्रार्थना. त्याच वर्षीं इझाबेला थोबर्न ही शिक्षिका व क्लारा स्वेन ही डॉक्टर अशा दोघी ह्या दोन-दोन सेंटांच्या बळावर निघाल्या व १८७० च्या जानेवारींत आपल्या देशांत पोंचल्या. मिस थोबर्न हिनें लखनौच्या अमीनाबाद बाजारांतील एका खोलींत सहा मुली जमवून शाळा उघडली. तिच्यांतूनच पुढें तिच्या नांवाचें स्त्रियांचें कॉलेज झालें, आणि तें आजहि चालू आहे. डॉक्टर स्वेन हिला बरेली येथें इस्पितळासाठीं जागा हवी होती. ती रामपूरच्या नबाबांनीं उदार मनानें देऊन टाकली, व १८७४ सालीं तेथें स्त्रियांचें इस्पितळ उघडलें. एका मुसलमान संस्थानिकाची जमीन आणि परदेशांतील गृहिणींचे पैसे एकत्र येऊन आपल्या देशांतील आयाबहिणींचे प्राण वांचले, हें पाहून कोणाचें मन भरून येणार नाहीं?

ह्या हकीगतींत जें मर्म आहे तें थोड्याशा देणगीच्या नियमितपणांत आहे. श्रीमंत मनुष्य एकदां मोठी रक्कम देतो व त्याचें नांव शिलालेखावर कोरलें जातें; गृहिणी रोज थोडें देते, आणि तिचें देणें तिच्या रोजच्या कामाशीं बांधलें जातें. आपल्याच देशाच्या ईशान्य टोंकास मिझोराममध्यें ह्याचें सुंदर उदाहरण आहे. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या स्त्रिया १९१० सालापासून एक रिवाज पाळीत आल्या आहेत. स्वयंपाकासाठीं तांदूळ काढले कीं त्यांतून एक मूठ बाजूला ठेवावयाची; हे तांदूळ मंडळीनें गोळा करून विकावयाचे व तो पैसा सेवाकार्यास लावावयाचा. आज ह्या मुठींतून दरवर्षीं कोट्यवधि रुपये उभे राहतात. ज्या घरांत रोख पैसा नव्हता, त्या घरांतहि चूल होती. आणि जेथें चूल होती तेथें दानहि झालें. मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची आठवण येथें कोणासहि होईल.

दुसरें उदाहरण आहे श्रीमती शांति सॉलोमन ह्या भारतीय ख्रिस्ती भगिनीचें. १९५६ सालीं निरनिराळ्या देशांच्या ख्रिस्ती स्त्रियांचें एक पथक आशियांतील मंडळ्यांच्या भेटीस निघालें होतें. महायुद्ध व कोरियांतील लढाई यांच्या जखमा तेव्हां ताज्या होत्या. कोरियांत जाण्याचा परवाना शांतिबाईंस मिळाला नाहीं. सोबतिणी पुढें गेल्या व त्या फिलिपाइन्समध्यें मागें राहिल्या. सरहद्दीवर मनुष्य अडविला जातो, परंतु प्रार्थना कोण अडविणार, असा विचार करून त्यांनीं एक कल्पना सुचविली. प्रत्येक स्त्रीनें दुसऱ्या देशांतील भगिनींसाठीं, विशेषतः जिच्याशीं आपलें मन फाटलें असेल तिच्यासाठीं, प्रार्थना करावी, आणि प्रत्येक प्रार्थनेच्या वेळीं आपल्या देशांतील सर्वांत लहान नाणें बाजूला ठेवावें. नाणें सर्वांत लहानच कां? कारण मग गरीब व श्रीमंत दोघींचें देणें सारखें होतें, व कोणाच्याहि दानानें कोणाची मान खालीं जात नाहीं. ही 'लघुतम नाण्याची सहभागिता' आज जगांतील अनेक देशांत चालू आहे. जी बाई दारांतून परत फिरविली गेली, तिनेंच सर्व जगाच्या स्त्रियांसाठीं एक दार उघडलें!

परंतु इतिहास सांगतांना त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. परदेशांतील स्त्रियांनीं आमच्यासाठीं केलें तें खरें; तथापि त्यांच्या मासिकांतून हिंदी स्त्रीचें जें चित्र रंगविलें जाई, तें पुष्कळदां केवळ दीनवाणें असे; जणूं काय तिला स्वतःची बुद्धि व पराक्रम हीं मुळीं नव्हतींच. ह्या चित्रास सर्वांत सणसणीत उत्तर पंडिता रमाबाई यांनीं दिलें. त्यांच्या कार्यास साह्य करण्यासाठीं १८८७ सालीं बोस्टन येथें निरनिराळ्या पंथांच्या लोकांनीं रमाबाई असोसिएशन स्थापिली. ठिकठिकाणीं 'रमाबाई सर्कल' नांवाचीं स्त्रियांचीं लहान मंडळें निघालीं, व दहा वर्षेंपर्यंत साह्य करण्याचें त्यांनीं पत्करलें. त्या साह्यानें १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें. परंतु पैसा त्यांचा असला तरी योजना, धोरण व श्रम बाईंचे होते. पैसा देणाऱ्यांस हिशेब देण्यास बाईंनीं कधीं कांकूं केलें नाहीं, आणि आपली बुद्धि गहाण ठेवण्यास कधीं संमति दिली नाहीं. पुढें दुष्काळांत उपाशी मरणाऱ्या शेंकडों मुलींस त्यांनीं केडगांवीं आणून जें मुक्तिसदन वसविलें, तें ह्याच बाण्याचें फळ होय.

पंडिताबाईंचें नांव जगांत गाजलें. परंतु गांवोगांव उन्हातान्हांत हिंडून घराघरांत शास्त्र वाचून दाखविणाऱ्या, बायकांस अक्षरओळख करून देणाऱ्या व आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्या बायबल-बायांचें काय? जुन्या अहवालांत त्यांची संख्या सांपडते. नांवें पुष्कळदां सांपडत नाहींत. त्यांचें वेतन तुटपुंजें असे. मराठी मंडळ्यांचा पाया ज्या दगडांवर उभा आहे, त्यांतील किती तरी दगड असे निनांवी आहेत. आमच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरांत वृद्ध आजीबाई आहेत, त्यांनीं ह्या सुटींत त्यांच्याजवळ बसून आपल्या मंडळींतील अशा बायांच्या आठवणी लिहून काढाव्या. पुढील अंकासाठीं ह्याहून मोलाचा लेख आमच्याकडे येणार नाहीं.

आतां "केवळ चहा-चिवडा" म्हणणाऱ्यांस उत्तर देऊं. हे लोक सभेचें बाह्यरूप पाहतात. तिच्यांत काय शिकलें जातें तें पाहत नाहींत. जी बाई घरांत चारचौघांसमोर तोंड उघडीत नाहीं, तीच भगिनीसभेंत एके दिवशीं उभी राहून वचन वाचते. दुसऱ्या वर्षीं इतिवृत्त लिहिते. तिसऱ्या वर्षीं पै-पैचा हिशेब मांडते. इंग्लंडांत १८७६ सालीं मेरी समनर ह्या पाळकाच्या पत्नीनें आपल्या गांवच्या मातांस बोलावून मातृसंघाचा आरंभ केला, तेव्हां पहिल्या दिवशीं तिला इतका धीर सुटला कीं, "पुढच्या आठवड्यांत या" असें सांगून तिनें सर्वांस परत पाठविलें. परंतु पुढच्या आठवड्यांत ती बोलली. आणि तिनें लावलेला तो संघ आज ऐंशीहून अधिक देशांत पसरला असून त्याचे बहुसंख्य सभासद इंग्लंडाबाहेरचे आहेत. बोलण्यास भिणाऱ्या आमच्या मुलींनीं ह्या बाईची गोष्ट विसरूं नये. ज्यांस आज बचत गट म्हणतात, त्यांची बैठक, वर्गणी, वही व चिटणीस हें सारें शिक्षण अनेक ख्रिस्ती गृहिणींस भगिनीसभेंत कधींच मिळून चुकलें होतें.

शिवाय एका बाबतींत तर ह्या सभांनीं पुरुषांस मागें टाकलें आहे. पंथापंथांत जेव्हां एकमेकांच्या मेजाशीं बसणेंहि अवघड वाटे, तेव्हां स्त्रिया एकत्र प्रार्थना करूं लागल्या होत्या. अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट स्त्रियांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेले प्रार्थनेचे दिवस एकत्र होऊन १९२७ सालापासून जागतिक प्रार्थना दिन पाळला जाऊं लागला. दरवर्षीं मार्चच्या पहिल्या शुक्रवारीं तो येतो, व त्याची उपासना दरवेळीं निरनिराळ्या देशाच्या स्त्रिया रचतात. आमच्याकडे नागपूर येथें निरनिराळे पंथ एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली ती १९७० सालीं. शास्त्रीपंडितांचे वाद मिटण्यापूर्वींच आयाबहिणींचे गुडघे एकत्र टेकले होते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसरें मत, म्हणजे स्वतंत्र सभा मोडून सर्व एकत्र करण्याचें, हें नुसत्या तर्कानें तपासण्याचें कारण नाहीं. त्याचा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेंतील उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन मंडळीनें १९२३ सालीं स्त्रियांचीं मिशन-बोर्डें सर्वसाधारण बोर्डांत विलीन केलीं. स्त्रियांनीं वर्षानुवर्षें जमविलेला पैसा, चालविलेलीं कामें व कमावलेली कर्तबगारी सामायिक झालीं. परंतु ज्या महासभेनें हा निर्णय घेतला तींत एकाहि स्त्रीस मत नव्हतें! स्त्रियांस वडीलपदाचा अधिकार मिळाला तो त्यानंतर, १९३० सालीं. मध्यंतरीं १९२७ सालीं कॅथरीन बेनेट व मार्गारेट हॉज ह्या दोन बायांस स्त्रियांच्या असंतोषाचीं कारणें काय, ह्यावर निवेदन लिहून मंडळीपुढें ठेवावें लागलें. त्याच १९२७ सालीं बोस्टनचें स्त्रियांचें बोर्डहि अमेरिकन बोर्डांत मिळविलें गेलें. एकत्र होणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोन कुटुंबें एकत्र करतांना एकाची तिजोरी घ्यावयाची व दुसऱ्याच्या हातीं किल्ली ठेवावयाची, ह्यास ऐक्य म्हणत नाहींत. आधीं अधिकार समान करा, मग तिजोरी एक करा. हा क्रम उलटा केला कीं ज्याचा हात दुबळा त्याचें सर्वस्व जातें.

हें दूरदेशचें आहे असें समजून कोणी निश्चिंत राहूं नये. भगिनीसभेनें पदार्थ विकून, जुने कपडे शिवून, कापणीच्या सणांत बोली लावून पैसे जमवावे. आणि ते आजारी बायांच्या औषधासाठीं आहेत कीं कंपाउंडच्या भिंतीसाठीं, हें मात्र जेथें एकहि बाई बसत नाहीं अशा बैठकींत ठरावें, हा प्रकार आमच्याकडे अपरिचित आहे काय? ज्या महाराष्ट्रांत २०११ सालापासून ग्रामपंचायतींच्या अर्ध्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवल्या आहेत, तेथें गांवचा कारभार पाहणारी बाई मंडळीच्या कारभारांत केवळ चहा देण्यापुरती असावी, हें शोभत नाहीं. कांहीं मंडळ्यांनीं ह्या बाबतींत चांगलें पाऊल टाकलें आहे. इतरांनीं त्यांचें अनुकरण करावें.

तथापि दोष एकट्या पुरुषांचा आहे असें मात्र नव्हे. पुष्कळ भगिनीसभा स्वतःच्याच हातांनीं सुकत चालल्या आहेत. त्याच त्या वृद्ध बाया वर्षानुवर्षें पदांवर राहतात, आणि तरुण सूनबाईनें कांहीं नवें सुचविलें तर "आमच्या वेळीं असें नव्हतें" म्हणून तिला गप्प बसवितात. सभेची वेळ दुपारची. नोकरी करणाऱ्या मुलीनें यावें कसें? शिकलेल्या बायांच्या शेजारीं धुणींभांडीं करणारी बहीण संकोचून बसते, आणि तिला कोणी नांव वाचावयास सांगितलें तर अक्षर येत नाहीं म्हणून तिची मान खालीं जाते. ज्या सभेंत गरीब बहिणीस लाज वाटते, तेथें गीतें कितीहि गोड गाइलीं तरी तिला सहभागिता म्हणतां येणार नाहीं. लघुतम नाण्याचा धडा आधीं येथेंच गिरविला पाहिजे.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, सभेची वेळ अशी ठेवावी कीं कामावर जाणाऱ्या बायांस येतां यावें. दोन वेळां भरवावी लागली तरी हरकत नाहीं. दुसरी, भगिनीसभेचा पैसा तिच्या स्वतःच्या खात्यांत व तिच्याच ठरावानें खर्च व्हावा. हिशेब मात्र सर्व मंडळीपुढें उघडा मांडावा. तिसरी, मंडळीच्या पंचांत स्त्रियांस पुरेशा जागा असाव्या. एका बाईस नुसती शोभेसाठीं बसवूं नये. चौथी, पदें ठराविक मुदतीनें बदलावीं आणि दरवर्षीं एका तरी तरुण मुलीस चिटणिसाचें काम शिकवावें.

आमच्या वाचकांत सर्व धर्मांचीं कुटुंबें आहेत. त्यांसहि आम्ही म्हणतों कीं, हा विषय केवळ ख्रिस्ती मंडळीपुरता समजूं नये. आपल्या घरांतील माता भजनी मंडळांत जात असोत वा बचत गटांत, तेथें त्या काय शिकतात व काय घडवितात ह्याची चौकशी करा. पालकहो, सुनेस वा मुलीस सभेस जाऊं देणें म्हणजे तिच्यावर उपकार नव्हे; तिच्या जाण्यानें तुमच्या घरांत एक धीट, हिशेबी व दुसऱ्याचें दुःख जाणणारी व्यक्ति परत येते. आणि विद्यार्थी मित्रहो, विशेषतः मुलांनो, आई सभेस निघाली कीं "मग आमच्या खाण्याचें काय?" हा प्रश्न विचारूं नका. तेवढा एक तास धाकट्या भावंडांस संभाळा, भात उतरवून ठेवा, आणि ती परत आली म्हणजे तिला विचारा कीं आज सभेंत काय झालें. आजवर हें तिला फार थोड्यांनीं विचारलें असेल. आणि तिच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ आहे, अशी आमची खात्री आहे.